परिषदेस पाठविणेबाबत

कोणत्याही कार्यालयाचा स्वभाव ओळखावयाचा असेल तर त्याच्या प्रवेशद्वारी काचेवर कोरलेले ध्येयवाक्य वाचण्यात वेळ दवडू नये. लेखाविभागात जावे, आणि कोणता खर्च विनातक्रार मंजूर होतो व कोणत्या खर्चावर शेरा पडतो, एवढेच पाहावे. खुर्ची मोडली की नवी खुर्ची येते, कारण खुर्चीला जमाखर्चात सदर आहे. वातानुकूलन बिघडले की त्याच दिवशी मेस्त्री हजर होतो, कारण साहेबांची खोलीही त्याच यंत्रावर थंड होत असते. दिवाळीत सुक्या मेव्याचे डबे वाटले जातात, वर्षातून एकदा सर्व मंडळींना लोणावळ्याच्या एखाद्या रिसॉर्टात नेऊन रस्सीखेच खेळविली जाते, आणि त्या रस्सीखेचीने कार्यालयातील संघभावना किती तोळे वाढली याचा खुलासा आजवर कोणी कोणास विचारलेला नाही. परंतु ज्या विद्येवर त्या कार्यालयाची रोजीरोटी चालते त्याच विद्येची एक परिषद बंगळुरास भरत असून तीस उपस्थित राहण्याची परवानगी व प्रवासखर्च मिळावा, असा अर्ज एखाद्या कर्मचाऱ्याने केला, की इतका वेळ निद्रिस्त असलेली काटकसर खडबडून जागी होते आणि ‘यापासून कार्यालयास नेमका लाभ काय?’ असा प्रश्न, जणू काही बाकीच्या सर्व गोष्टींचा लाभ सिद्ध होऊन दप्तरी दाखल झालेला आहे अशा आविर्भावाने, त्याच्या अंगावर येतो.

या अर्जाचा प्रवास हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. अर्ज हल्ली संगणकावरच करावयाचा असतो, त्यामुळे पूर्वीच्या लाल फितीची जागा पडद्यावरील ‘प्रलंबित’ या पिवळ्या ठिपक्याने घेतली आहे एवढाच काय तो कालानुरूप फरक. बाकी शिरस्ता पेशवे दप्तरातला. गटप्रमुख ‘शिफारस केली आहे’ असे लिहून अर्ज पुढे ढकलतो. व्यवस्थापक ‘अंदाजपत्रकात तरतूद असल्यास हरकत नसावी’ असे, पुढेमागे कोणत्याही बाजूस वळविता यावे अशा बेताचे वाक्य घालतो. मनुष्यबळ विभागास हे दिवस रजेचे धरावेत की कामाचे, असा प्रामाणिक पेच पडतो. आणि लेखाविभाग, तीन ठिकाणची दरपत्रके जोडल्याविना कोणताही खर्च करू नये या सनातन नियमास अनुसरून, तीन दरपत्रके मागतो. परिषद जगात एकच असल्यामुळे दुसरी दोन दरपत्रके कोठून पैदा करावीत याचा खुलासा अर्जदार करीत असतानाच, आगाऊ नाव नोंदविणारास प्रवेशशुल्कात जी सवलत असते तिची मुदत संपते. अर्ज मंजूर होण्याची तारीख आणि ही सवलत सरण्याची तारीख यांच्यात नेहमी सुमारे आठवड्याचे अंतर असते, आणि ते नेहमी एकाच दिशेचे असते. मग पूर्ण शुल्क, त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि विमानाचे भाडे तोवर गगनास भिडलेले असल्यामुळे ‘उद्यान एक्स्प्रेसचा विचार व्हावा’ अशी एक प्रेमळ सूचना. ज्या कार्यालयात एक तास वाया गेला तर त्याचा हिशेब मागतात, त्या कार्यालयाचा मनुष्य सोलापूर, वाडी, गुंतकल अशी स्थानके न्याहाळीत एक आख्खी रात्र आणि दिवसाचा बराच भाग गाडीत घालवितो, आणि ही मात्र बचत समजली जाते.

आक्षेपकांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांच्या भात्यातील सर्वांत तीक्ष्ण बाण येथेच काढून दाखविला पाहिजे. तो असा की, परिषदेतली सगळी व्याख्याने पुढे यूट्यूबवर फुकट बघावयास मिळतात. हे खरे आहे. पायकॉन इंडियासारखी 2009 सालापासून भरत आलेली परिषद घ्या. तिची व्याख्याने ज्यास पाहावयाची त्याने हिंजवडीतल्या आपल्या खुर्चीवर बसून, पाहिजे तर दीडपट वेगाने, पाहावीत, त्यास कोणाची मनाई नाही. वक्ता पाणी प्यायला थांबला तर तेवढा भाग गाळता येतो, आणि कंटाळा आला तर त्यास मधेच बंद करता येते, जे पहिल्या रांगेत बसलेल्यास करता येत नाही. व्याख्यान ऐकणे हाच जर परिषदेस जाण्याचा हेतू असेल तर लेखाविभागाचे म्हणणे बिनतोड आहे आणि हा लेख येथेच आटोपता घ्यावा.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण मनात सर्वांच्या असतो. परिषदेतल्या निम्म्याशिम्म्या वक्त्यांच्या अखेरच्या पानावर ‘आमच्याकडे भरती चालू आहे’ अशी ओळ असते, आणि आपला मनुष्य ती ओळ वाचून परत आलाच नाही तर काय, ही ती धास्ती. या धास्तीने बेजार झालेल्या व्यवस्थापकांस एवढेच सांगावेसे वाटते की, आपला मनुष्य पळवून नेण्यासाठी त्यास बंगळुरापर्यंत बोलाविण्याची गरज आता कोणास उरलेली नाही. त्यास बोलावणारे दूरध्वनी आपल्याच कार्यालयात, आपल्याच चहाच्या वेळात, आपण दिलेल्या भ्रमणध्वनीवर येत असतात.

वास्तविक व्याख्याने ऐकण्याच्या बाबतीत महाराष्ट्रीय मनुष्याची तयारी इतरांपेक्षा अधिक असावयास हवी. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तेव्हापासून भर उन्हाळ्यात, समोर कोणताही विषय आला तरी तो जणू आपल्याच घरातला आहे अशा मुद्रेने ऐकून घेणारा एक श्रोतृवर्ग या नगरीने पिढ्यान्पिढ्या जोपासला. पुढे 1878 साली रानडे आणि लोकहितवादी यांनी ग्रंथकारांचे पहिले संमेलन पुण्यातच भरविले. 1885 सालच्या दुसऱ्या संमेलनास येण्याचे महात्मा फुल्यांनी नाकारले आणि नाकारण्याची कारणे पत्राने कळविली. आज त्या संमेलनातले एकही भाषण सामान्य वाचकाच्या स्मरणात नाही, न येण्याची कारणे सांगणारे ते पत्र मात्र अजून आवर्जून वाचले जाते. संमेलन किंवा परिषद म्हटली की व्यासपीठावर जे चालते त्यापेक्षा व्यासपीठाबाहेर जे चालते ते अधिक टिकते, याचा एवढा जुना आणि घरचा दाखला दुसरीकडे शोधूनही मिळावयाचा नाही.

आता परिषदेचा दिवस पाहा. सकाळी साडेआठास नोंदणीच्या मेजापुढे रांग लागते. नावाचा बिल्ला गळ्यात घालावयाच्या फितीस अडकविलेला असतो, आणि कोणत्या भौतिक नियमाने कोण जाणे, पण तो नेहमी उलटा फिरतो; त्यामुळे दोन दिवस शेकडो विद्वान एकमेकांच्या पोटाकडे पाहत, बिल्ल्याची सुलट बाजू केव्हा दिसेल याची वाट बघत संभाषण करीत असतात. नंतर कापडी पिशवी मिळते. तीत एक वही, एक लेखणी, पाण्याची बाटली आणि टी-शर्ट असतो. टी-शर्ट मध्यम मापाचा हवा असे फॉर्मवर महिनाभर आधी भरलेले असते, मिळतो तो अतिविशाल मापाचा, आणि तो पुढे आयुष्यभर घरी गाडी पुसताना अंगात राहतो. पिशवी घेऊन सभागृहाकडे वळावे तो वाटेत प्रायोजकांची दुकाने. प्रत्येक दुकानापुढे एक हसतमुख तरुण उभा असतो आणि तो आपल्या बिल्ल्यावरील क्यूआर कोड टिपून घेण्याच्या बदल्यात एक स्टिकर देतो. तो स्टिकर आपण आनंदाने लॅपटॉपच्या पाठीवर डकवितो, आणि पुढील सहा महिने त्या कंपनीचा विक्रेता ऐन जेवणाच्या वेळी फोन करून ‘आपली बंगळुरास भेट झाली होती’ अशी आठवण करून देतो.

बीजभाषणाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ते देणारा गृहस्थ बहुधा मोठ्या हुद्द्याचा असतो, प्रायोजकांच्या यादीत ज्याचे नाव सर्वांत ठळक त्याच कंपनीचा असतो, आणि जग झपाट्याने बदलत आहे ही बातमी तो दर वर्षी तितक्याच ताजेपणाने देतो. परिसंवादात पाच जण बसतात आणि पाचही जण पहिल्या वक्त्याशी पूर्णपणे सहमत होतात. त्यानंतरच्या प्रश्नोत्तरांत एक गृहस्थ हमखास उठतो, ध्वनिक्षेपक हातात येताच ‘मला प्रश्न असा नाही’ म्हणून आरंभ करतो आणि सूत्रसंचालकाने तिसऱ्यांदा घड्याळ दाखवेपर्यंत आपल्या कंपनीचा इतिहास सांगतो. हा गृहस्थ मी पुण्याच्या साहित्यसभांतही पाहिला आहे. तेथे तो लॅपटॉपऐवजी छत्री बाळगतो.

तथापि सभागृहातही एक गोष्ट अशी घडते की जिचे मोल यूट्यूबवर पूर्णांशाने कळत नाही, आणि ती म्हणजे थोरामोठ्यांची चारचौघांत होणारी फजिती. 20 एप्रिल 1998 रोजी शिकागोतल्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या साक्षीने विंडोज 98 चे गुणगान चालले असता, एक स्कॅनर यंत्रास जोडताक्षणी संबंध पडदा निळा पडला, आणि हे उत्पादन अजून बाजारात का आले नाही याचे कारण आता सर्वांस कळले असेल अशा अर्थाचे काहीतरी बोलून गेट्सना वेळ निभावून न्यावी लागली. जून 2010 मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन 4 दाखविण्यास घेतला, तेव्हा प्रेक्षकांनी आपापली मिळून 570 वायफाय केंद्रे सभागृहात चालू ठेवल्यामुळे त्यांच्या हातातल्या फोनावर साधे संकेतस्थळ उघडेना. अखेर लॅपटॉप मिटून खाली ठेवा, अशी विनवणी त्या प्रतापी पुरुषास श्रोत्यांस करावी लागली. आपल्या हाताखालचा मनुष्य ग्राहकापुढे प्रात्यक्षिक देताना घामाघूम होतो आणि यंत्र अडले की सर्व दोष आपलाच असे मानून आठवडाभर मान वर करीत नाही. त्यास एकदा अशा सभागृहात बसवावे. व्यासपीठावरील नामांकित तज्ज्ञाची आज्ञा तीनदा चुकून चौथ्यांदा लागू पडते, सारे सभागृह टाळ्या वाजविते, आणि त्या टाळ्यांत आपला मनुष्य सर्वांत जोराने वाजवीत असतो. कोणत्याही प्रशिक्षणवर्गाने न येणारे धैर्य घेऊन तो परत येतो.

पण हेदेखील गौण. मुख्य परिषद चहाच्या वेळी भरते. हे माझे एकट्याचे मत नाही. अमेरिकेतील हॅरिसन ओवेन नामक गृहस्थाने वर्षभर राबून एक परिषद भरविली आणि संपल्यावर चौकशी केली तेव्हा लोकांनी सर्वांत उपयुक्त भाग म्हणून कॉफीच्या सुट्टीचा उल्लेख केला. दुसरा कोणी असता तर संतापाने पुनश्च परिषदेच्या वाटेस गेला नसता; ओवेन यांनी मात्र 1985 साली ज्या परिषदेत ठरलेली व्याख्यानेच नाहीत, लोकांनी येऊन आपले विषय आपणच मांडावेत आणि जेथे आपला उपयोग नाही तेथून पायांचा उपयोग करून दुसऱ्या घोळक्यात जावे, अशी पद्धत सुरू केली. निव्वळ सुट्टीची परिषद करण्याची ही युक्ती जगभर चालली. आपल्याकडे ती मनुष्यबळ विभागाच्या कानी अद्याप गेलेली नसावी, आणि गेली असल्यास त्या विभागाने ती दडपली असावी.

चहाच्या वेळी काय घडते याचा एक नमुना देतो. आमचे एक स्नेही पुण्यातील एका कार्यालयात विदागाराची, म्हणजे तेथल्या बोलीत डेटाबेसची, राखण करतात. त्यांस एकदा, बहुधा अर्जाकडे कोणाचे नीट लक्ष न गेल्यामुळे, बंगळुरास जाण्याची मंजुरी मिळाली. पहिल्या दिवशी अकरा वाजता ते फिल्टर कॉफीच्या रांगेत उभे असता मागच्या गृहस्थाने त्यांच्या बिल्ल्यावरचे ‘पुणे’ वाचून मराठीत बोलावयास आरंभ केला. गृहस्थ मूळचे अकोल्याचे, नोकरी चेन्नईस. हवापाणी, पुण्यातील वाहतूक आणि चेन्नईतील पोळ्यांचे दुर्भिक्ष्य हे विषय आटोपल्यावर चेन्नईकरांनी सहज विचारले,

“बॅकअप घेता ना तुम्ही रोज?”

“रोज. रात्री दोनला. आजवर एकदाही चुकला नाही.”

“आणि उतरवून बघता का?”

“उतरवून म्हणजे?”

“म्हणजे घेतलेला बॅकअप दुसऱ्या मशीनवर उभा राहतो का, हे कधी पाहिलंय का तुम्ही?”

स्नेह्यांच्या हातात तोवर कॉफीचा पेला आला होता. तो त्यांनी तसाच धरून ठेवला. चेन्नईकरांनी मग, गावातल्या एखाद्या जुन्या प्रकरणाची हकीकत सांगावी तशा सुरात, गिटलॅब या कंपनीवर 31 जानेवारी 2017 रोजी ओढवलेला प्रसंग सांगितला: एका थकलेल्या अभियंत्याने रात्री चुकीच्या यंत्रावर आज्ञा देऊन खऱ्या विदागाराची सुमारे 300 गिगाबाइट सामग्री पुसली, बॅकअपच्या म्हणून ज्या पाच व्यवस्था कागदोपत्री होत्या त्यांतली एकही धड चालत नसल्याचे त्याच रात्री उघडकीस आले, आणि कोणी सहज घेऊन ठेवलेली सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती लागली म्हणून कंपनी वाचली. ही हकीकत गुप्त नाही. खुद्द त्या कंपनीनेच ती सविस्तर प्रसिद्ध केली आहे आणि आमच्या स्नेह्यांनी ती पूर्वी वाचलीही होती. पण छापील मजकूर आपणास उलट प्रश्न विचारीत नाही, आणि विचारला तरी आपल्या डोळ्यांकडे पाहत उत्तरासाठी थांबत नाही.

दुपारच्या परिसंवादास स्नेही गेले नाहीत. सभागृहाबाहेरच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन ते बसले आणि आदल्या रात्रीचा बॅकअप त्यांनी एका रिकाम्या यंत्रावर उतरविला. फाइल होती. तिचा आकारही भारदस्त होता. फक्त ज्या तक्त्यांत ग्राहकांच्या येण्याजाण्याचा हिशेब, तेवढे तक्ते तीत नव्हते; कारण दोनएक वर्षांपूर्वी कोणा व्यवस्थापकाच्या हुकुमावरून ते डेटाबेसच्या दुसऱ्या दालनात हलविण्यात आले होते, आणि रात्री दोनला बॅकअप घेणाऱ्या आज्ञेस त्याची इत्तला कोणी दिली नव्हती. ती आज्ञा बिचारी आपल्या नेमून दिलेल्या जुन्या दालनात रोज जाऊन, जे सापडेल ते बांधून, ‘काम यशस्वी’ असा शेरा मारून परत येत होती. स्नेह्यांनी तेथेच पायरीवर बसून ती दुरुस्त केली.

परत आल्यावर अहवाल द्यावा लागतो. त्याचा नमुना ठरलेला आहे: ऐकलेली व्याख्याने, आत्मसात केलेली कौशल्ये, आणि कार्यालयास अपेक्षित लाभ, रुपयांत. स्नेह्यांनी पहिल्या रकान्यात कार्यक्रमपत्रिका उतरवून काढली, दुसऱ्यात ‘कृत्रिम बुद्धिमत्तेतील नवीन प्रवाह ज्ञात झाले’ असे लिहिले, आणि तिसऱ्या रकान्याशी ते बराच वेळ थबकले. जे खरोखर घडले ते लिहावे तर, ‘कॉफीच्या रांगेत एका अपरिचिताशी बोलताना असे निष्पन्न झाले की गेली दोन वर्षे आपल्या हिशेबाचा बॅकअप होत नव्हता’ हे वाक्य लिहावे लागले असते. आणि अशा वाक्यापाठोपाठ लाभाचा रकाना बंद होऊन जबाबदार कोण, हा रकाना उघडतो हे त्यांस नोकरीच्या अनुभवाने ठाऊक होते. सबब त्यांनी ‘उत्पादकतेत वाढ अपेक्षित’ असे लिहून अहवाल दाखल केला. लेखाविभागाने तो वाचून, एवढ्या खर्चात हाती फारसे काही लागलेले दिसत नाही, असा शेरा मारला, आणि पुढील वर्षाची तरतूद निम्म्याने घटविली. लेखाविभागाचा यात काडीचाही दोष नाही. त्याच्यासमोर आलेला दस्तऐवज तसाच होता.

अहवालांची ही तऱ्हा लक्षात घेतली म्हणजे जुन्या काळी असे नमुने नव्हते हे जगाचे भाग्यच म्हणावे लागते. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक परिषदेत डग्लस एंगलबार्ट या संशोधकाने नव्वद मिनिटांचे एक प्रात्यक्षिक केले. माउस, पडद्यावरील मजकुरातून दुसऱ्या मजकुरात उडी घेण्याची सोय, दूरच्या सहकाऱ्याचे तोंड पडद्यावर पाहत त्याच्याबरोबर एकच कागद दुरुस्त करणे, हे सर्व त्या एका बैठकीत लोकांनी प्रथम पाहिले. यंत्र होते मैलोगणती दूर मेन्लो पार्कला. श्रोत्यांत ॲलन के नावाचा युटा विद्यापीठाचा एक विद्यार्थी अंगात ताप असूनही येऊन बसला होता. त्याच्या मनात त्या दिवशी जे पेरले गेले त्याचे पीक पुढे झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत आले, आणि आज आपण पडद्यावर ज्या खिडक्या उघडतो व मिटतो त्यांच्या पूर्वजांत त्याचे काम मोडते. या विद्यार्थ्यास परतल्यावर आपल्या लेखाविभागाचा नमुना भरावा लागता तर त्याने काय लिहिले असते? ‘तीन बटने व मागे शेपटीवजा तार असलेली एक डबी मेजावर सरकविली असता पडद्यावर ठिपका सरकतो. कार्यालयास तूर्त उपयोग दिसत नाही. प्रकृती अस्वस्थ असल्याने औषधाची पावती सोबत जोडली आहे.’ आणि औषधाची पावती नामंजूर झाली असती.

येथवर वाचून एखादा उदारधी साहेब म्हणेल की आमच्याकडे परिषदांस मनाई नाही, मी स्वतः दर वर्षी जातो. हेच तर दुखणे आहे. परिषद जवळ असली, शुल्क माफक असले, आणि ती कामाच्या बारकाव्यांची असली, की अर्जावर तीन महिने खल होतो. परिषद लास व्हेगासला असली की खल होत नाही, कारण तीस साहेबच जातात. ॲमेझॉनच्या क्लाउड विभागाचा रीइन्व्हेंट नामक महामेळा 2012 सालापासून तेथेच भरतो. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात व्याख्यानाच्या शोधात फिरता फिरता मनुष्याची पायपीट होते ती निराळीच. या गावाचे आणि आमच्या विद्येचे नाते जुने आहे. शेल्डन ॲडेल्सन यांनी 1979 साली तेथे कॉमडेक्स हे संगणकांचे प्रदर्शन सुरू केले, 1995 मध्ये त्यांनी व त्यांच्या भागीदारांनी ते जपानच्या सॉफ्टबँकेस 80 कोटी डॉलरांहून अधिक किमतीस विकले, आणि 1999 साली त्यांनी तेथे व्हेनिशियन हे जुगारघरासह अवाढव्य हॉटेल उघडले, ज्याच्या दालनांत आज रीइन्व्हेंटची मंडळी जमतात. परिषदांपासून लाभ काय, या प्रश्नाचे रुपयांतले उत्तर जर कोणास निर्विवादपणे देता आले असेल तर ते या एका गृहस्थास. संगणकवाले लोक जुगार खेळत नाहीत म्हणून तेथले जुगारवाले त्यांच्यावर नाराज असत, अशी वदंता आहे. आमच्या काही साहेबांनी ही नाराजी दूर करण्याचा यथाशक्ति प्रयत्न केला असल्याचेही ऐकिवात आहे.

साहेबांनी जाऊ नये असे नाही. परंतु साहेबांस कॉफीच्या रांगेत कोणी बॅकअपबद्दल विचारले तर ते ‘आमचा एक मुलगा ते बघतो’ असे सांगून पुढे सरकतात, आणि ते खोटे नसते. तो मुलगा पुण्यात असतो. रात्री अपरात्री यंत्र बंद पडले की ज्या एका भ्रमणध्वनीवर घंटा वाजते तो त्याच्या उशाशी असतो. लग्नात, बारशात, गणपतीच्या आरतीत, एका हातात घंटा आणि दुसऱ्या हातात तो फोन घेऊन तो उभा असतो. आणि त्याने परिषदेचा अर्ज केला की ‘तू गेलास तर इथले कोण बघणार?’ असे अत्यंत गौरवपूर्ण शब्दांत त्यास नकार मिळतो. म्हणजे ज्याच्यापाशी विचारावयाचे प्रश्न आहेत तो जात नाही, आणि जो जातो त्याच्यापाशी फक्त भेटकार्डे असतात.

न जाऊ शकलेल्यांच्या तळमळीतून काय उद्भवते, त्याचाही दाखला आहे. 2009 च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे वेलॉसिटी नावाची परिषद झाली. तीत फ्लिकर कंपनीच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड या दोघांनी, कार्यक्रम लिहिणारे आणि यंत्रे सांभाळणारे यांनी हातात हात घालून काम केले तर दिवसाला दहाहून अधिक वेळा नवे बदल निर्धोकपणे चालू करता येतात, असे व्याख्यान दिले. पॅट्रिक डेबॉय नावाचा बेल्जियमचा एक तंत्रज्ञ ते घरबसल्या पडद्यावर पाहत होता, आणि आपण तेथे नाही म्हणून ट्विटरवर हळहळत होता. लेखाविभागाच्या तर्कानुसार त्यास सर्व काही फुकटात मिळाले होते. त्याचे समाधान झाले नाही. कोणीतरी म्हणाले की मग तूच एक परिषद का भरवीत नाहीस, आणि ऑक्टोबरमध्ये त्याने आपल्या देशातल्या गेंट शहरी खरोखरच ती भरविली. डेव्हऑप्स या नावाने आज जी कार्यपद्धती जगभर चालते, आणि जिच्या नावाचे हुद्दे हिंजवडी व खराडीत दर दुसऱ्या दाराआड बसलेले आहेत, तिचे बारसे या गेंटच्या परिषदेत झाले. प्रत्येकाकडून एवढ्या पराक्रमाची अपेक्षा धरता येत नाही. आपल्याकडचा मनुष्य अर्ज नामंजूर झाला तर परिषद भरवीत नाही. तो दुसरीकडे अर्ज करतो.

तेव्हा खातेप्रमुखांस विनंती एवढीच की, पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात परिषदेचे सदर उघडाल तेव्हा त्यासाठी हुद्द्याने नव्हे तर उशाशी वाजणाऱ्या त्या फोनाच्या हिशेबाने माणूस निवडा, परत आल्यावर त्याच्याकडून अहवाल मागू नका, आणि तो बंगळुरास असेपर्यंत तो फोन साहेबांनी स्वतःच्या उशाशी ठेवावा.